दुर्पताबाईचे नाव मीच खोडले

मित्रांनो, मी एक जुना टाइपरायटर आहे. माझ्या कळा गंजल्या, त्याचे मला दुःख नाही. दुःख आहे ते माझ्या हातून घडलेल्या एका पापाचे.

गोंदियात विजेच्या तारांना लाखेचा लेप देणारी एक कंपनी होती. तिने प्रयोगशाळा काढली, तेव्हा १९३१ साली मला आणले. खुशालबाबू कारकून माझ्यावर शोधनिबंध टंकत. ते दूरदूरच्या कॉलेजांत वाचले जात. कंपनीचे कौतुक होई आणि मी फुगून जाई.

एका वर्षी लाखेचे बियाणेच फसले. प्रयोगशाळेने पळसाच्या झाडांना बांधलेल्या बियाण्याच्या काड्यांतून लाख बनवणारे किडे बाहेरच येईनात. नागझिऱ्याकडची दुर्पताबाई लाख विकायला आली होती. तिने एक काडी उचलून पाहिली.

"कच्च्याच तोडल्या, साहेब. लाखेवर पिवळा ठिपका दिसल्याबिगर तोडाच्या नाई."

प्रयोगशाळेच्या साहेबांनी दोन हंगाम तसे करून ताडून पाहिले. बाई खरी ठरली. निबंधात तुझे नाव घालू, असे त्यांनी तिला वचन दिले.

खुशालबाबूंनी ते नाव टंकलेही. मग साहेबांना वाटले, अडाणी बाईचे नाव पाहून विद्वान हसतील. नावावर माझ्याच फुल्या पडल्या आणि नव्या प्रतीत 'कंपनीच्या निरीक्षणानुसार' असे आले. पावसाळी हवेत माझी कळ हमखास अडके. त्या दिवशी पाऊस असूनही ती सुरळीत चालली.

तोच निबंध सर्वांत गाजला. दुसरे संशोधक त्याचा आधार घेऊ लागले. शोध मात्र कंपनीचा म्हणत.

बाई नाव पाहायला आली. खुशालबाबूंनी खाली मान घालून कंपनीच्या नावावर बोट ठेवले. तिला वाचता येत नव्हते; आपलेच नाव समजून तिने त्या अक्षरांना हात लावला, तो कपाळी नेला आणि कागद पदरात बांधला.

बारा वर्षांनी तिच्या गावात शाळा आली. मास्तरांनी कागद वाचून दाखवला, त्यात तिचे नाव कुठेच नव्हते. दुसऱ्याच दिवशी ती तो घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवला. केस पिकलेल्या खुशालबाबूंनी कागद माझ्यात चढवला आणि अगदी वर तिचे नाव टंकले.

बाईने ते नाव पाहिले. मग म्हणाली, "आता कायले लिवून राहिला, बाबू? बाकीच्या कागदाइत कोन लिवल?"

बाबूंनी कागद काढून तिच्या हाती दिला.

मित्रांनो, कोणाकडून काही शिकलात, तर पहिल्याच प्रतीत त्याचे नाव लिहा. मागाहून लिहिलेले नाव त्या एकाच कागदावर राहते.