टेकडीमागचे खड्डे

माकोरो आजीने काठी गवतात खुपसली, तर ती पार मुठीपर्यंत आत गेली.

"हा खड्डा माझ्या आईने खणलेला," आजी मनिंका बोलीत म्हणाली. "ज्वारीच्या दाण्याएवढं सोनं निघायचं. सांग साहेबाला!"

सोनं शोधणाऱ्या कंपनीने नान्तेनिनला दुभाषी म्हणून घेऊन आठवडाच झाला होता. नदीपलीकडे तिच्या बहिणीच्या गावात असेच जुने खड्डे सापडले, मागोमाग यंत्रं आली, आणि दोन वर्षांत गावच उठलं. बहीण आता माळावर पत्र्याच्या खोलीत राहते. तिथल्या विहिरीच्या पाण्याला गुरंही तोंड लावत नाहीत.

राजधानीहून आलेला इंजिनिअर सुआरे वही उघडून उभा होता. कामापुरतं फ्रेंच, एरवी गप्प.

"काय म्हणतात त्या?"

"कबरी आहेत," नान्तेनिन फ्रेंचमध्ये म्हणाली. "फार जुन्या. खचल्यात."

"इतक्या?"

"देवीची साथ आली होती."

आजीने तिचा दंड धरला. "एवढंच? दाण्याचं सांगितलंस ना? सोनं निघालं की वीज येईल गं गावात!" आणि चिमूट करून तिने साहेबाला दाण्याचा आकारही दाखवला.

"आता काय म्हणतात?"

"म्हणतात..." नान्तेनिनने ओढणीने मानेवरचा घाम टिपला. "ऐकू कमी येतं त्यांना."

सुआरे खाली बसला. खड्ड्याच्या काठची माती त्याने बोटांत चुरली, बराच वेळ पाहिली. नमुन्याची पिशवी त्याच्या खिशातच राहिली. हात झटकून तो उठला आणि आजीपुढे वाकला.

"येतो, आजी. गुडघ्यांना जपा. उतार निसरडा आहे."

मनिंका. स्वच्छ, खेड्यातली.

आजी खुदकन हसली. म्हणजे दाण्याचं बोलणं त्याला कळलं होतं, नान्तेनिनच्या लक्षात आलं. तो जीपकडे निघाला, तशी तीही मागे गेली.

जीपमध्ये बसल्यावर त्याने वही मांडीवर घेतली. किल्ली फिरवली नाही.

"कबरी किती लिहू?" त्याने मनिंकातच विचारलं.

त्याने स्वतःच एक आकडा लिहिला. तो वेडावाकडा उमटला, म्हणून पुन्हा गिरवला.

"उद्या मोठे साहेब येताहेत," तो काचेतून समोर बघत म्हणाला. "त्यांच्यासोबत त्यांचा स्वतःचा दुभाषी असतो, आजी बोलेल ते तो तसंच सांगेल. आजीला तोवर समजावशील?"

नान्तेनिनने मागे वळून पाहिलं. आजी गवतात उभी राहून दोन्ही हात हलवत होती.