सात नंबरच्या पिंजऱ्यातला गूळ

मी एक जुना पांढरा उंदीर आहे. जुना म्हणजे दोन वर्षांचा. आमच्या जातीत तेवढ्यात म्हातारपण येतं. मित्रांनो, माझा जन्म नागपूरचा. १९७६ साली विजयमालाबाईंच्या मांडीवर, भोकं पाडलेल्या खोक्यात बसून, मी एसटीनं वाशीमच्या कॉलेजात आलो.

बाई तिथे प्राणिशास्त्र शिकवत. मेंदूत म्हणे निरोप पोचवणारी द्रव्यं असतात. रक्तात साखर वाढली की त्यांचं माप बिघडतं का, हे बाईंना शोधायचं होतं. आता माणूस काही आपला मेंदू काढून देणार नाही! म्हणून आम्ही बारा उंदीर; मी सात नंबरच्या पिंजऱ्यात.

आधी मी हुशार म्हणून गाजलो. लाकडी भुलभुलय्यात दोनदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळलं की शेंगदाणा मिळे. शिपाई पुंजाजी म्हणे, "वा रे पठ्ठ्या!" मग मला सुई टोचली आणि साखर वाढली. पाणी कितीही प्यालो तरी तहान भागेना. बकासुरासारखा खायचो आणि वाळत चाललो. एके दिवशी दुसऱ्या वळणावर उभा राहिलो आणि कुठे जायचं तेच आठवेना. मी फार घाबरलो. शेजारचे एकेक जण कमी होत होते. त्यांचे मेंदू बर्फाच्या डब्यातून नागपूरला जात. माझी पाळी कधी येणार, हा घोर निराळाच.

पुंजाजीला माझी कीव आली. आपल्याकडे दमल्या-तहानल्याला गूळ-पाणी देतात. तोही रोज दुपारी, बाईंच्या चोरून, माझ्यापुढे गुळाचा खडा ठेवू लागला.

"खाय लेका. आमची घरवाली दुर्गाबाईही अशीच सुकून राह्यली. सारखी तहान तहान करते. तिलेही रोज तांब्याभर गूळ-पानी देतो मी. काल तं घागर घेऊन दुसऱ्याच्याच दारात जाऊन उभी राह्यली. आपलं घर कोनतं, तेच उमजेना तिले."

ते माझंच दुसरं वळण होतं. गूळ मी खात होतो, खोटं कशाला बोलू? पण त्या दिवशी तो खडा पायानं लोटून दिला, जाळी कुरतडली. पुंजाजीला वाटलं, उंदीर माजला. मुक्या जिवानं आणखी काय करावं?

शेवटी बोभाटा केला मुंग्यांनी. माझ्याखालच्या भुशाला त्यांची रांग लागली. बाई बघायला वाकल्या आणि त्यांना गूळ सापडला.

"पुंजाजी, याच्या लघवीतून साखर जाते, म्हणून मुंग्या लागतात. त्याच्यात गूळ कायले चारता तुमी?"

पुंजाजीचा चेहरा उतरला. "बाई, आमच्या मोरीतही अशाच मुंग्या लागतात. दुर्गाबाई जाऊन आली की लागतात."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "अन् तिले गूळ देऊन राह्यले तुमी? उठा. आत्ताच्या आत्ता अकोल्याच्या दवाखान्यात न्या."

आठ दिवस त्याचं स्टूल रिकामं होतं. गुळानं माझे आकडे बिघडले, म्हणून बाईंनी वहीतून माझा नंबर खोडला. मी वाचलो. पण आनंद कसला? मला वाचवणारा गूळच तिकडे दुर्गाबाईच्या पोटात गेला होता. पायऱ्यांवर पाऊल वाजलं की मी जाळीला येऊन चिकटायचो.

नवव्या दिवशी पुंजाजी आला. मी त्याचा खिसा हुंगला. गूळ नव्हता. त्यानं जाळीतून बोट आत घातलं.

"लेका, इन्शुलिन चालू झालं तिचं. आज घागर घेऊन निघाली. मी भेत भेत मांगं गेलो. बरोबर वळली, अन् सरळ आपल्याच दारात आली."

एवढं बोलून तो रडला.

मित्रांनो, माया जरूर करा. पण कोणी विनाकारण सुकत चाललं, तर गूळ देण्याआधी त्याला दवाखान्यात न्या. माझं म्हणाल, तर मी अजून दुसऱ्या वळणावर अडतो. पुंजाजी तिथे टिचकी वाजवतो, मग मी डावीकडे वळतो.