दगडाने मान डोलावली

आमच्या वरवट बकाल गावच्या पारावर त्या दुपारी एक दगड देवाची साक्ष देत होता. मीही किराणा दुकान बंद करून गेलो, कारण गिऱ्हाईक सगळं तिथंच होतं.

चौरंगावर भगवं कापड, वर दोऱ्याला टांगलेला काळा दगड. चौरंगाला गुडघा टेकवून बसलेले बाबा सांगत होते, "पदार्थ जड असतो. जड आपणहून हलत नाही. हा हलतो! म्हणजे हलवणारा आहे. तोच परमेश्वर! शंका?"

शंका कोणाला असणार! दगड लगेच बाबांकडे झुकला. म्हणजे 'हो'.

पाया पडायची मात्र बायांना बंदी. आमच्याकडे बायांच्या बांगडीत सेफ्टी पिना लटकलेल्याच असतात, आणि बाबांच्या मते लोखंड तमोगुणी.

गीताबाई लेकीला, छकुलीला, घेऊन पुढे आली. पोरीला फिट यायची. डॉक्टरांच्या गोळ्यांनी ती थांबली होती.

"बाबाजी, गोळ्या बंद करू का?"

दगड झुकला. गीताबाईनं हात जोडले. अहो, पोरीच्या जिवाशी खेळ होता हा!

तेवढ्यात शाळेतल्या धम्मशीला मॅडम उठल्या. "बाबाजी, पाया पडते." बाबा "नको, नको" म्हणेपर्यंत त्या वाकल्यासुद्धा. बांगडीतल्या पिना टक्कन बाबांच्या गुडघ्याला चिकटल्या.

"गुडघाच तमोगुणी निघाला की!" मॅडमनी धोतराआडून पट्ट्याने बांधलेला चुंबक ओढून काढला. "माझं माहेर लोणारचं. असे दगड तिथं तळ्याकाठी सापडतात, चुंबकाकडे ओढले जातात. हे गुडघा हलवतात, दगड झुकतो."

बाबा चिडले. "अन् चुंबक कोणी घडवला? त्याचाही कर्ता असेलच ना?"

"असन ना!" मागून जानराव ओरडला. "पण गुडघ्याले त तूच बांधला ना बे?"

अख्खा पार हसून हसून बेजार. गीताबाई तेवढी हसली नाही. "माह्या लेकीले मारत होता का रे, मेल्या?" म्हणत ती रडली. मग पदराची गाठ सोडून तिनं गोळी काढली आणि बाबांच्याच तीर्थासोबत छकुलीला दिली. पाणीच होतं ते.

देव आहे की नाही, यावर खुशाल भांडा; चहा माझ्याकडून. पण कोणी औषध बंद करा म्हटलं, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि दगड हलला, तर हात जोडण्याआधी जरा खाली वाकून बघा.