टोपीवरचं बोट

उद्धवरावांनी टेस्टरचं टोक कुंपणाच्या तारेला लावलं आणि बायकांकडे पाहून हसले.

"बघा, लागला का दिवा? न्हाई. करंट बंद हाय. या की वलांडून."

उसात खुरपायला आलेल्या बायका जागच्या हलेनात. बांधावर काल तारेला चिकटून मेलेलं रानडुक्कर फुगून पडलं होतं, त्याच्या उघड्या तोंडात माश्या घोंगावत होत्या. बसम्माने नाकाला पदर लावला. तरी पुढं व्हायला तिनेच पाय उचलला.

उद्धवरावांची सून रेणुका न्याहारीची पाटी खाली ठेवत होती. तिची नजर आप्पांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या हातावर गेली. मूठ नुसती प्लॅस्टिकवर, मागच्या धातूच्या टोपीपासून बोट चांगलं लांब. अफजलपूरच्या शाळेत ती मुलांना दरवर्षी सांगायची, टेस्टरमधला निऑन वायू कशात मिसळत नाही, कशाशी जुळत नाही, पण इवल्याशा विजेवरही तांबडा उजळतो. ती वीज धरणाऱ्याच्या अंगातून जमिनीत जाते. टोपीला बोटच लागलं नाही, तर दिवा पेटणार कुठून?

आणि आप्पांना हे पक्कं ठाऊक होतं. डुकरं दिवसाही शिरतात म्हणून तार चालू ठेवायची, वर हसत हसत बायकांना बोलवायचं! मेलेल्या डुकराची आली नव्हती एवढी किळस तिला या माणसाची आली. याच हातात ती रोज सकाळी चहाचा कप देत होती.

"थांब, बसम्माक्का." ती पुढे झाली. "आप्पा, आणा इकडं."

"तुला काय करायचंय?"

तिने टेस्टर ओढूनच घेतला. टोपीवर अंगठा दाबला, दुसऱ्या हाताने ऊन अडवलं आणि टोक तारेला टेकवलं.

लाल ठिपका पेटला.

बसम्माने पाय मागे घेतला.

"आमच्या जिवावर उठलाव व्हय, मालक?" म्हणत ती पचकन थुंकली. बायका खुरपी उचलून वाटेला लागल्या.

गलका ऐकून मोटारीच्या खोलीकडून राम धावत आला. हा तरी बापाला जाब विचारेल म्हणून रेणुकाने नवऱ्याकडे पाहिलं.

तो तिच्या कानाशी वाकला.

"टोपीला बोट कामून लावलीस?"

तिने टेस्टर त्याच्या हातात दिला. अंगठा पदराला घासघासून पुसला. मग न्याहारीची पाटी उचलून ती बायकांच्या मागे निघाली.