तोरणाखालचं नाव

"नाव सांगा की ताई. नावाबिगर काय गोंदू?"

समोर बसलेली बाई खुदकन हसली आणि तिने पदराचं टोक तोंडावर धरलं. "कशी सांगू गो बाय? मालकाचं नाव घेतं का कोण?"

"मग उखाण्यात घ्या."

"उखाण्यात घेतलं होतं लग्नात. सासूनं चिमटा काढला तेव्हा. त्यानंतर आजपर्यंत नाय."

अंबरनाथला महाशिवरात्रीची जत्रा भरली होती. आकाशपाळण्याच्या मागच्या बाजूला, बांगडीवाल्यांच्या रांगेच्या टोकाला गोजरबाई पोतं अंथरून बसली होती. जागा जुनी, पण हातातली वस्तू नवी. इतकी वर्षं ती हाताच्या सुईने गोंदत आली होती. तुळस, विंचू, कपाळावरचे ठिपके, मनगटावरची वेल. पण गेल्या दोन जत्रांत पोरी तिच्यासमोरून पुढे निघून गेल्या होत्या. पलीकडे मशीनवाले बसत. मशीनने कमी दुखतं आणि मशीनवाले नावं लिहून देतात, असं पोरी म्हणत. गोजरबाईला अक्षर येत नव्हतं.

म्हणून हिरामणने, तिच्या नवऱ्याने, तिला मशीन करून दिलं होतं. तो काड्यापेटीच्या कारखान्यात कामाला होता. उल्हासनगरात चंदर सिंध्याच्या दुकानातून त्याने टेपरेकॉर्डरची मोटर आणली. "साईं, एकदम जपानी!" असं चंदर म्हणाला होता. चंदरच्या दुकानातली प्रत्येक वस्तू जपानी असायची आणि बहुतेक मागच्या खोलीत तयार व्हायची. पण मोटर चांगली निघाली. तिच्या आसावर हिरामणने एक चकती बसवली आणि मधोमध न बसवता थोडी बाजूला एक खिळी ठोकली. मोटर फिरली की खिळी गोल फिरे आणि तिला अडकवलेली सुई बॉलपेनच्या रिकाम्या नळीतून वर-खाली धावे. वीज स्कूटरच्या जुन्या बॅटरीची.

सुईला दाबायची सवय असलेला गोजरबाईचा हात मशीनलाही दाबायचा. दाबलं की मोटर कण्हायची आणि रेघ जाड व्हायची. या जत्रेत मशीन हाताला बसलं नाही तर पुढच्या वर्षी पोतं अंथरायचं नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. हिरामणला मात्र सांगितलं नव्हतं.

नावांची वाट त्यांनी अशी काढली होती: हिरामणने कातडीवर पेनने अक्षरं लिहायची, तिने त्यावरून मशीन फिरवायचं. पण आता हिरामण दर्शनाच्या रांगेत होता.

"मालकही रांगेत हायत," ती बाई म्हणाली. बनूबाई तिचं नाव, पालेगावची. "ते यायच्या आत कर. मना त्यांना दाखवायचं हाय."

"लिहिणारा माणूस न्हाई ताई. थोडं थांबा."

बनूबाईने पिशवीतून मिठाईच्या दुकानाचं पुठ्ठ्याचं खोकं काढलं. "हे बघ. पोरगी वाचून म्हणाली, आई, खोक्यावर बाबांचं नाव हाय. ह्यातूनच उतरव."

गोजरबाईने खोकं गुडघ्यावर घेतलं. बारीक अक्षरांच्या दोन ओळी आणि मध्ये लाल रंगात मोठा शब्द. माणसाचं नाव असेल तर ते मोठंच लिहिणार, असा तिने विचार केला. तिने मोठ्या शब्दावर बोट ठेवलं. "हेच ना?"

"असंल की," बनूबाई म्हणाली. तिलाही वाचता येत नव्हतं.

गोजरबाईने नवी सुई बसवली, हात पुसून घेतला आणि बटण दाबलं. आधी बनूबाईच्या हातावर वरची आडवी रेघ. मग तिच्याखाली एकेक आकार. नक्षी उतरवावी तशी तिने अक्षरं उतरवली. तिला बरं वाटत होतं. हिरामण येईल आणि बघेल, आपण एकटीने नाव गोंदलं.

हिरामण कपाळाला भस्म लावून आला, वाकला आणि तसाच वाकलेला राहिला.

"काय झालं?"

त्याने तिच्या कानाशी तोंड नेलं. "गोजर, तू फरसा लिहिलंयस. खोक्यावर फरसाण आहे, फरसाण. शेव-गाठी."

गोजरबाईच्या बोटांतलं मशीन घरघरत राहिलं. बनूबाईला वाचता येत नाही. राहिलेलं एक अक्षर काढलं की ती आनंदाने उठून जाईल. रांगेतून नवरा येईपर्यंत कोणाला काही कळणार नाही.

तिने बटण बंद केलं.

"ताई, माझ्या हातनं चूक झाली. हे तुमच्या मालकाचं नाव न्हाई. फरसाण लिहिलंय मी."

बनूबाई तिच्याकडे पाहत राहिली. मग आपल्या हाताकडे. डोळ्यांत पाणी आलं तसं तिने ते मागे ओढलं, पण ओठ मात्र तिला आवरेनात. ती हसत सुटली.

"अगो, जन्मभर त्यांच्यासाठी भाकऱ्या थापल्या आणि हातावर फरसाण! आता हे घेऊन कुठं जाऊ मी?"

मागे गोंदायला थांबलेल्या बायकाही हसल्या. गोजरबाई हसली नाही. ती त्या अक्षरांकडे बघत होती. वर आडवी रेघ आणि खाली लोंबणारे आकार. दारावर बांधतात ना, तसं.

"आंब्याचं तोरण करते ह्याचं," ती म्हणाली. "आणि त्याच्या खाली नाव."

हिरामणने खोकं उचललं. "यावर तर तीन नावं आहेत. दुकानाचं, दुकानदाराचं, त्याच्या बापाचं. यांचं कुठलं?"

"ठेवा ते खाली. त्यानंच घोळ केला. ताई, तुमच्या तोंडून ऐकल्याबिगर मी सुई टेकवायची न्हाई."

बनूबाईने मागच्या बायकांकडे पाहिलं, हिरामणकडे पाहिलं. हिरामण समजून चार पावलं लांब गेला. बायका मात्र हलल्या नाहीत.

"ते चालू कर," बनूबाई मशीनकडे बोट दाखवत पुटपुटली.

गोजरबाईने बटण दाबलं. मोटर घरघरू लागली. बनूबाई पुढे झुकली आणि त्या आवाजाच्या आडोशाने तिने नाव घेतलं. मागे सरली तेव्हा ती कानापर्यंत लाल झाली होती.

आधी तोरण झालं. एका आकाराच्या पोटात पान मावलं, दुसऱ्याची शेपटी वळून देठ झाली. राहिलेल्या जागेत गोजरबाईने तीन पानं आपल्या मनाने भरली. पानांना नमुना लागत नव्हता, त्यामुळे हात दाबायचं विसरला आणि मशीन आपोआप हलकं झालं. पानाच्या शिरा केसासारख्या उतरल्या. हाताच्या सुईनेही त्या इतक्या बारीक कधी आल्या नव्हत्या. मग तिने हळूच सांगितलेलं नाव हिरामणने खाली पेनने लिहिलं आणि तिने त्यावरून मशीन फिरवलं.

नाव पुरं होतं न होतं तोच धोतरातला एक उंच माणूस नारळाची शकलं घेऊन आला. बनूबाईने काही न बोलता हात पुढे केला. तो खाली बसला आणि एकेका अक्षरावर थांबत वाचू लागला. "दौ... ल... त... राव."

 त्याची नजर वर सरकली.

"नावाला तोरण कशापायी?"

"दाराला बांधतात ना," बनूबाई म्हणाली. "म्हणून."

 दौलतरावांनी तिच्या हातातली पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली आणि ते गर्दीत पुढे झाले, तिच्या हाताला कोणाचा धक्का लागू नये म्हणून वाट करत.

गोजरबाईने सुई बदलली. मागची बाई लगबगीने पोत्यावर येऊन बसली आणि तिने बाही वर सारली.

"मलाबी तसंच. तोरण आनि खाली नाव."

"सांगा नाव."

बाईने एकदा मागे वळून पाहिलं.

"आधी ते चालू कर की."

गोजरबाईने बटण दाबलं आणि कान पुढे केला.