लोटनबाबाच्या कडुलिंबावरच्या पट्ट्या

पारोळ्याजवळ लोटनबाबाच्या मळ्यात दर गुरुवारी जत्रा लोटायची. बायांच्या कडेवर तान्ही पोरं आणि सगळ्यांच्या माना वर. कारण कडुलिंबावर शेकडो चिकटपट्ट्या लोंबत होत्या. लोटनबाबाच्या पट्टीनं ज्या बाळाची फुगलेली बेंबी आत गेली, त्याच्या आईनं ती पट्टी इथं आणून टांगायची, असा रिवाज. झाडच साक्षीला उभं म्हटल्यावर शंका घ्यायची कोणाची छाती?

तानुबाईची तर नव्हतीच. तिचा तीन महिन्यांचा नातू कुंदन रडला की त्याची बेंबी बोराएवढी वर येई. सून मेघा म्हणाली, "आत्याबाई, धुळाले डाक्टरले दखाडूत."

"डाक्टर पोट फाडस! तू झाड देख, झाड!"

लोटनबाबानं बाळाच्या पोटाला कान लावला, डोळे गरगर फिरवले. "हाऊ वारा शे, वारा! इतला मोठा वारा मी सात गावमा देखा नही!" बाबाला दर गुरुवारी मागच्यापेक्षा मोठा वारा सापडायचा. मग त्यानं मंतरलेला तांब्याचा पैसा बेंबीवर दाबला आणि वरून पट्टी आवळली. "चाळीस दिन उघाडानी नही, पानी लावानं नही. उघाडी का वारा भाईर!" म्हणजे बेंबी गेली तर बाबाचा गुण, नाही गेली तर तुम्हीच पट्टी उघडली असणार. असल्या सोयीच्या विद्येत बाबा नापास होणार तरी कसा?

सोळाव्या दिवशी पट्टीखालून वास आला. मेघानं कड उचलायला हात नेला, तर तानुबाईनं तो झटकला. "आजून चोवीस दिन शेतस!" एकोणिसाव्या दिवशी बाळ तापानं फणफणलं, दूध घेईना. धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टर पुनम यांनी पट्टी काढली. खालची कातडी सडली होती आणि विष रक्तात उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी कुंदन गेला.

तानुबाई बाकावर बसून एकच विचारत राहिली, "वारा भाईर निंघना का वं बाई?"

डॉक्टर तिच्या शेजारी बसल्या. "आजी, वारा-बिरा काही नसतो. नाळेच्या जागी पोटात बारीक फट राहते, बाळ रडलं की तिथून आतडं वर येतं. मूल वाढतं तशी फट मिटते. बहुतेकांची दोन-चार वर्षांत आपोआपच. बेंबी कडक झाली, रंग बदलला, उलट्या झाल्या, तर मात्र तडक दवाखाना. तुमच्या घरात आधी कोणाला होती का?"

"मना अमृतले व्हती. याना बापले."

"मग काय केलंत?"

"काय करनार? कापूस येचाले जाऊत. ध्यान द्याले येळ कोनले व्हता? गई आपोआप."

बोलली आणि तिचं तिलाच उमगलं. अमृतकडे बघायला तिला सवड नव्हती, तो वाचला. कुंदनसाठी तिनं जिवाचं रान केलं. तिनं पदर तोंडात कोंबला, तरी हुंदका बाहेर आलाच.

पुढच्या गुरुवारी ती मळ्यात गेली. तिला येताना पाहून बाबा लांबूनच ओरडला, "ऊनी माय, ऊनी! गुण ऊना ना? टांग पट्टी!"

"टांगस," तानुबाई म्हणाली. पदरातून काढलेली काळी, पुवानं कडक झालेली पट्टी तिनं फांदीला बांधली. "हाई मना कुंदननी शे. मना कुंदन मरी गया."

गर्दीतल्या माना झाडावरून तिच्याकडे वळल्या. बाबा गडबडला. "तू पट्टी उघाडी व्हशी!"

"नही उघाडी. उघाडती, ते कुंदन जगता." ती बायांकडे वळली. "ज्या पोरे बरा व्हयनात, त्यासन्याच पट्ट्या झाडवर शेतस. ज्यासना पोरे गया, त्या माय आठे पट्टी टांगाले कसाले येतीन?"

जादू होती ती एवढीच. पोरं वाढत होती, बाबा श्रेय घेत होता आणि झाड अर्धीच साक्ष देत होतं. बायाबापड्यांनो, चमत्काराच्या झाडाखाली उभे राहाल तेव्हा जे टांगायला आलेच नाहीत त्यांचीही चौकशी करा. आणि लेकराच्या अंगाला वास आला, तर बाबाचं नव्हे, आपल्या नाकाचं ऐका.

काही जणी बाबालाच चिकटून राहिल्या. डिंपल नावाची एक कोवळी आई मात्र खाली बसून बाळाच्या पोटावरची पट्टी बोटांनी सोलू लागली. तानुबाईनं पाटाच्या पाण्यात पदर भिजवला आणि ती डिंपलजवळ बसली.

"हळू, माय. पानी लाव. काही व्हत नही."