तलावावरचा बायकांचा तास

गल्लीच्या टोकाला पोहण्याचा तलाव झाला आणि दुपारचा एक तास बायकांसाठी राखला गेला, तेव्हापासून गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या एका सुनेचे मशीनवर लक्ष लागेना. लहानपणी ती नदीत मनसोक्त पोहली होती. अंगाने भरू लागली तसे आईने ते बंद केले. आता दिवसभर वाकून पाठीचे लाकूड झाले होते. पण पोहण्याच्या पोशाखाशिवाय तलावावर प्रवेश नव्हता. दुकानातला पोशाख परवडत नव्हता, आणि परवडला असता तरी तो घालून चारचौघींत उभे राहण्याचा धीर नव्हता. यांतले खरे कारण कोणते, हे तिलाही सांगता आले नसते.

"मग शीव की!" सासूबाई म्हणाल्या. शिवण तिला त्यांनीच शिकवली होती. "हात काय भाड्याने दिलेत? बाह्या मात्र पूर्ण ठेव. आणि मी येणार बरोबर. बघते तरी काय चालतं तिथे."

खेळाडूंच्या गणवेशांतून उरलेल्या ताणदार कापडाचा तिने पोशाख बेतला; पण हातांना जे वळण होते, तेच त्यांनी गिरवले. माप सैलसर धरले, शिवणीत भरपूर जास्तीचे कापड सोडले. या घरात कपडा कधी एकीसाठी शिवला जात नसे; तो उसवून, मोठा करून नणंदेकडे, मग पुतणीकडे जायचा.

दुसऱ्या दिवशी ती पाण्यात उतरली मात्र, सगळा सैलपणा पाण्याने भरला आणि कमरेभोवती फुगा झाला. दोघी मुली खुदकन हसल्या. तलावावर देखरेख करणाऱ्या बाईंनी शिट्टी वाजवली.

"ताई, बाहेर या. असलं ढगळ कापड हातापायांत अडकतं."

"आजच्या दिवस चालवून घ्या ना."

"आणि बुडालात म्हणजे? नवा घेऊन या, मग खुशाल पोहा."

नवा घ्यायचा म्हणजे कधीच नाही, हे तिला मनोमन उमगले. निथळत, मान खाली घालून ती कपडे बदलायच्या खोलीत शिरली. मागोमाग सासूबाई. त्यांनी पिशवीतून सुईदोरा आणि कात्री काढली, पोशाख उलटा केला, शिवण चिमटीत धरून आत घेतली. कात्रीशी मात्र त्यांचा हात थबकला.

"हे कापलं की पुन्हा मोठा होणार नाही हं. तुझ्याशिवाय कुणाच्या कामाचा नाही राहणार."

आयुष्यात फक्त आपल्याच मापाचे असे काही सुनेच्या अंगावर कधी आले नव्हते.

"कापा, आई."

दोघींनी दोन्ही बाजूंनी टाके घातले. तास संपत आला होता. देखरेखीच्या बाईंनी कंबर, बाह्या ओढून पाहिल्या आणि पाण्याकडे बोट केले.

पहिल्या दोन हातांत तिचा दम गेला. तिसऱ्याला नदी आठवली. ती पलीकडच्या काठाला पोहोचली तेव्हा मघाच्या मुली हसत नव्हत्या, बाजूला सरून वाट देत होत्या.

"डावा खांदा अजून सैल आहे गं!" काठावरून सासूबाई ओरडल्या.

"आजी, तेवढा चालेल," देखरेखीच्या बाई म्हणाल्या.

"तुम्हाला चालेल. मला नाही चालायचा."

"उद्या आत घेऊ!" पाण्यातून उत्तर आले, आणि ती परत फिरली.